‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ : नियम व तथ्ये लिहिण्याच्या संगणकीय भाषेविषयी

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज भोसरी, पिंपरी, चाकण, महाळुंगे, तळेगाव या पट्ट्यात काम करतात. त्यांतील अनेकांची मुले आज आपल्याच वसतिगृहात शिकत आहेत. या कुटुंबांची रोज दोन प्रकारच्या नियमांशी गाठ पडते. पहिला नियम प्रेस शॉपमधला : दोन्ही हातांनी दोन बटणे दाबली असतील आणि पुढचा गार्ड बंद असेल, तरच प्रेसचा रॅम खाली येईल. दुसरा नियम शिष्यवृत्तीच्या अर्जातला : प्रवर्ग, उत्पन्न आणि रहिवास या अटी पूर्ण झाल्या, तरच विद्यार्थी पात्र ठरेल.

वरवर पाहता या दोन गोष्टींत काही साम्य नाही. परंतु दोहोंची घडण एकच आहे : ‘जर असे, तर तसे.’ आणि दोन्ही ठिकाणी पहिला निर्णय आता माणसाऐवजी यंत्र घेते. प्रेसवरचा निर्णय बोटे वाचवतो. अर्जावरचा निर्णय एखाद्या मुलीचे शिक्षण पुढे नेतो किंवा थांबवतो. म्हणून यंत्राला नियम कोणत्या भाषेत सांगितला जातो आणि तो आपल्यासारख्यांना वाचता येतो का, हे प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचे राहत नाहीत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या भाषेची ओळख करून द्यावी आणि तिच्यातील एका लहानशा पण महत्त्वाच्या भेदाकडे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मार्कअप भाषा म्हणजे काय

जुन्या छापखान्यात संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करीत असे : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप. खुळे जुळवणाऱ्याला त्या खुणांवरून मजकुराच्या कोणत्या भागाचे काय करायचे ते कळे. संगणकातील मार्कअप भाषा हेच काम करतात. मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आरंभी आणि अखेरीस कोनी कंसात एक खूण घालतात. आरंभीची खूण, अखेरची खूण आणि त्यांच्यामधील मजकूर मिळून एक ‘घटक’ होतो. घटकाच्या पोटात दुसरे घटक येऊ शकतात. डब्यात डबा बसवावा तसे.

अशा खुणांसाठीचा एसजीएमएल हा आंतरराष्ट्रीय प्रमाणलेख १९८६ सालचा. त्यातून सुटसुटीत केलेली एक्सएमएल ही भाषा १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. एक्सएमएलचे वैशिष्ट्य असे की, खुणांची नावे ज्याने त्याने आपल्या विषयाला साजेशी ठरवावीत. ही नावे देवनागरीतही ठेवता येतात. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंसाठी खुणा ठरवल्या, संगीतकारांनी स्वरलेखनासाठी ठरवल्या. मग प्रश्न आला की, तर्कासाठी खुणा का ठरवू नयेत? नियम आणि तथ्ये अशा रीतीने का लिहू नयेत की एका संगणकावर लिहिलेला नियम दुसऱ्या संगणकाला जसाच्या तसा कळावा? या विचारातून २००० साली काही संशोधकांनी रूल-एमएल नावाचा उपक्रम सुरू केला. हॅरोल्ड बोली, सईद तबेत आणि गर्ड वॅगनर ही त्यातील आरंभीची नावे होत.

तथ्य कसे लिहितात

रूल-एमएलमधील सर्वांत लहान विधानाला ‘अ‍ॅटम’ म्हणतात. ज्याचे आणखी तुकडे केले तर विधानच उरत नाही, असे ते विधान. त्याच्या पोटात ‘रेल’ हा घटक असतो. तो संबंध सांगतो. संबंध ज्यांच्यात आहे त्या व्यक्ती किंवा वस्तू ‘इंड’ या घटकात येतात. समजा, सुजाता नावाची विद्यार्थिनी अकरावीत शिकते. मूळ खुणा रोमन लिपीत असतात. वाचनाच्या सोयीसाठी येथे आम्ही त्यांना मराठी नावे दिली आहेत.

<विधान>
  <संबंध>शिकते</संबंध>
  <व्यक्ती>सुजाता</व्यक्ती>
  <व्यक्ती>अकरावी</व्यक्ती>
</विधान>

हे झाले एक तथ्य. त्यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. अशी तथ्ये एकाखाली एक मांडून ‘असर्ट’ नावाच्या मोठ्या घटकात ठेवतात. ‘हे आम्ही खरे म्हणून मांडत आहोत’ असा त्याचा अर्थ. प्रश्न विचारायचा तर ‘क्वेरी’ हा वेगळा घटक आहे आणि मांडलेले मागे घ्यायचे तर ‘रिट्रॅक्ट’ हा वेगळा. सांगणे, विचारणे आणि मागे घेणे या तीन कृती बोलण्यात सरमिसळ होतात. येथे तशी सरमिसळ होऊ शकत नाही.

नियम कसा लिहितात

तथ्य एका व्यक्तीविषयी असते, नियम सर्वांविषयी. म्हणून नियमात ठरावीक नावाच्या जागी ‘व्हार’ हा घटक येतो; बीजगणितातील क्ष सारखा. नियमाचा बाहेरचा डबा ‘इम्प्लाइज’. त्यात दोन कप्पे : ‘जर’ आणि ‘तर’. रूल-एमएलच्या जुन्या आवृत्त्यांत या कप्प्यांना अनुक्रमे ‘बॉडी’ आणि ‘हेड’ म्हणत. अनेक अटी एकत्र बांधायच्या तर ‘अँड’, पर्याय द्यायचा तर ‘ऑर’.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. प्रत्यक्षात तिच्या अटी पुष्कळ आहेत. येथे तीनच घेतो : प्रवर्ग, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या मर्यादेत असणे आणि महाराष्ट्राचा रहिवास.

<नियम>
  <जर>
    <आणि>
      <विधान><संबंध>प्रवर्ग-अनुसूचित-जाती</संबंध><चल>क्ष</चल></विधान>
      <विधान><संबंध>उत्पन्न-मर्यादेत</संबंध><चल>क्ष</चल></विधान>
      <विधान><संबंध>महाराष्ट्राचा-रहिवासी</संबंध><चल>क्ष</चल></विधान>
    </आणि>
  </जर>
  <तर>
    <विधान><संबंध>पात्र</संबंध><चल>क्ष</चल></विधान>
  </तर>
</नियम>

आता यंत्राला सुजाताविषयीची तीन तथ्ये दिली, की ते क्षच्या जागी सुजाता हे नाव घालून पाहते. तिन्ही अटी तथ्यांशी जुळल्या की ‘सुजाता पात्र आहे’ हे चौथे विधान निष्पन्न होते. ते कोणी लिहिलेले नव्हते. नियम आणि तथ्ये यांच्या मेळातून ते निघाले. यंत्राची सारी ‘बुद्धी’ एवढीच. जे लिहिले आहे त्यातून जे निघते ते काढणे. जे लिहिलेले नाही त्याची त्याला कणव नाही आणि द्वेषही नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नियमाची दिशा एकच असते. धूर असेल तेथे अग्नी असतो; पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. आपल्या प्राचीन तार्किकांनी यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले आहे. फोर्जिंग कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही : लालबुंद लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. ‘जर’ आणि ‘तर’ यांची अदलाबदल करणे ही तर्कातील सर्वांत जुनी चूक आहे. वेगवेगळ्या खुणांच्या कप्प्यांमुळे ती चटकन नजरेस येते.

नियम आणि तथ्य वेगळे का ठेवावेत

बौद्ध न्यायाचे आचार्य दिङ्नाग यांनी योग्य हेतूची तीन लक्षणे सांगितली : हेतू पक्षात असावा, सपक्षात असावा आणि विपक्षात नसावा. यातील पहिले लक्षण तथ्य तपासते : या डोंगरावर खरोखर धूर आहे का? उरलेली दोन नियम तपासतात : धूर आणि अग्नी यांचा संबंध खरोखर अबाधित आहे का? निष्कर्ष चुकला तर चूक कोठे शोधायची, हे या विभागणीमुळे कळते. तथ्य चुकले असेल तर उपाय एक, नियम चुकला असेल तर उपाय दुसरा.

या विभागणीचे मोल आपल्या समाजाने स्वतःच्या इतिहासात अनुभवले आहे. संविधानाच्या कलम ३४१ अन्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक नियम होता. त्याचा आशय असा की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य मानली जाणार नाही. पंजाबकडील काही शीख जातींपुरता तेव्हा अपवाद होता. १९५६ साली दुरुस्ती होऊन मान्य धर्मांत शीख धर्माचा सरसकट समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आपल्या पट्ट्यालाही हा इतिहास परका नाही. त्याआधी दोन वर्षे, २५ डिसेंबर १९५४ रोजी, देहूरोड येथे बाबासाहेबांच्याच हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती.

दीक्षेनंतर काय झाले? दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची वस्ती तीच राहिली, दारिद्र्य तेच राहिले, गावाची वागणूकही तीच राहिली. बदलले ते एकच तथ्य : धर्म. आणि केंद्राच्या त्या नियमात ‘बौद्ध’ हा शब्द नव्हता. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राचा नियम मात्र तसाच राहिला. १९९० साली संसदेने कायदा करून त्या परिच्छेदात बौद्ध धर्माचा समावेश केला, तेव्हा निष्कर्ष पालटला. लाखो माणसांविषयीचे एकही तथ्य बदलले नव्हते. एका यादीत एका शब्दाची भर पडली होती.

या ३३ वर्षांहून अधिक काळात अनेक कुटुंबांनी मुलांच्या दाखल्यावर जुनाच धर्म राहू दिला. केंद्राच्या नोकरीची वाट बंद होऊ नये म्हणून. म्हणजे नियम चुकीचा असताना माणसांवर तथ्य वाकवण्याची पाळी आली. चुकीचा नियम जो सर्वांत खोल अन्याय करतो, तो हाच. तो माणसाला स्वतःविषयी असत्य लिहायला लावतो. म्हणून नियम वेगळा, उघड आणि वाचता येईल असा असावा. जो नियम वाचता येतो, त्याच्यावर बोट ठेवता येते. तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवता आले, म्हणूनच ती मागणी इतकी वर्षे नेमक्या शब्दांत मांडता आली.

नकाराचे दोन प्रकार

आता ज्या भेदासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. रूल-एमएलमध्ये नकारासाठी एक नव्हे, दोन घटक आहेत : ‘नेग’ आणि ‘नाफ’.

‘नेग’ म्हणजे ठाम नकार. ‘सुजाता महाराष्ट्राची रहिवासी नाही’ हे कोणीतरी पाहून, तपासून लिहिले आहे. ‘नाफ’ म्हणजे न सापडल्यामुळे आलेला नकार. ‘सुजाता महाराष्ट्राची रहिवासी आहे, असे विधान माझ्याजवळच्या तथ्यांत सापडत नाही, म्हणून ती नाही असे मी धरतो.’ पहिला नकार जगाविषयी बोलतो. दुसरा केवळ दप्तराविषयी. बोलताना आपण दोहोंना ‘नाही’ असेच म्हणतो. म्हणून ही भाषा तयार करणाऱ्यांनी दोन वेगळ्या खुणा ठेवल्या, हे त्यांचे मोठे उपकार आहेत.

‘नाफ’ निरुपयोगी आहे असे नाही. बसच्या वेळापत्रकात चाकणहून रात्री दोनची गाडी दिसत नाही, तेव्हा ती गाडी नाही असे आपण धरतो आणि बरोबर धरतो. कारण वेळापत्रक पूर्ण असते. वर सांगितलेल्या तिसऱ्या परिच्छेदातील ‘मान्य धर्मांत नसलेला धर्म’ हाही असाच नकार आहे. कायद्यातील ती यादी आपल्यापुरती पूर्ण असते; तिच्यात नाही ते नाहीच. प्रश्न तेथे उभा राहतो, जेथे यादी अपुरी असूनही यंत्र तिला पूर्ण समजते.

या प्रश्नाचा सखोल विचार सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी करून ठेवला आहे. न्यायबिंदू या ग्रंथात त्यांनी हेतूचे तीन प्रकार मानले. त्यांतील एक ‘अनुपलब्धी’ : न आढळणे. येथे घट नाही, कारण तो आढळत नाही. परंतु त्यांनी लगेच अट घातली. ती वस्तू तेथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असे म्हणता येते. उजेड आहे, डोळे धड आहेत, जमीन समोर आहे; तर घट नाही. मात्र जी वस्तू दूरच्या देशी आहे, दूरच्या काळी होती किंवा स्वभावतःच दिसण्याजोगी नाही, ती न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही. तेथे फक्त संशय उरतो आणि संशयाला निर्णय म्हणून वापरता येत नाही.

हे वाचताना आम्हांला आपल्याच पालकांच्या हातातील कागद आठवतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळवताना आणि त्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. पिंपरी-चिंचवडमधील कितीतरी कुटुंबे लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून पोट भरण्यासाठी आली. १९५० मध्ये तो प्रदेश हैदराबाद राज्यात होता आणि तेथील जुनी दप्तरे पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत आहेत. शिवाय ज्या आजोबांना शाळेच्या दारात बसू दिले नाही, त्यांचा शाळेचा दाखला कोठून येणार? हा पुरावा धर्मकीर्तींच्या भाषेत देशानेही दूर आहे आणि काळानेही दूर आहे. तो सापडत नाही यावरून ‘ही व्यक्ती त्या जातीची नाही’ हे ठरत नाही. ‘अजून ठरलेले नाही’ एवढेच ठरते.

अशीच अडचण दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ असे लिहिणाऱ्यांची आहे. १९९० च्या दुरुस्तीने धर्माची अट सुटली. पण आदेशाच्या अनुसूचीत जातींचीच नावे आहेत. ज्याने जातीचे नाव टाकून दिले, त्याच्या दप्तरात तो रकाना रिकामा असतो. जात सोडण्यासाठी धम्म घ्यावा आणि हक्कासाठी पुन्हा जात लिहावी, हा पेच कोणतीही संगणकीय भाषा सोडवू शकणार नाही. ती एवढेच करू शकते की, रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ असे उत्तर नव्हे, हे लपू देणार नाही.

चूक कोणत्या बाजूला पडावी

कोणी म्हणेल, यंत्राला कधीतरी काहीतरी ठरवावेच लागते. माहिती अपुरी असताना ते काय करील? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या कारखान्यांतच आहे.

यंत्रावरील लाल इमर्जन्सी स्टॉपचे बटण पाहा. त्याचा संपर्क नेहमी बंद असतो, म्हणजे त्यातून वीज सतत वाहत असते. पीएलसीला ‘सर्व ठीक’ हा संकेत सतत मिळत असतो. बटण दाबले की प्रवाह तुटतो आणि यंत्र थांबते. पण उंदराने तार कुरतडली किंवा जोड सैल झाला, तरीही प्रवाह तुटतो आणि यंत्र थांबते. संकेत नाही म्हणजे धोका आहे, असे येथे मुद्दाम धरले आहे. ही ‘नाफ’च्या जातीचीच मांडणी आहे : ‘ठीक असल्याची खबर नाही, म्हणून ठीक नाही.’ तरी ती योग्य आहे. कारण तिच्यातून चूक झालीच तर थोडे उत्पादन बुडते, माणसाचा हात जात नाही. हेच बटण उलट रीतीने जोडले असते, तर तुटलेली तार कोणाला कळलीही नसती आणि संकटाच्या क्षणी बटण दाबून काहीच झाले नसते. पीएलसीच्या अशा आज्ञावल्या एका कंपनीच्या साधनातून दुसऱ्या कंपनीच्या साधनात नेण्यासाठीही आज एक्सएमएलचा आराखडा ठरलेला आहे. आयईसी ६११३१ या प्रमाणमालेचा दहावा भाग त्यासाठीच २०१९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे माहिती नसताना चूक कोणत्या बाजूला पडावी, हे यंत्र ठरवीत नाही. तार जोडणारा माणूस ठरवतो. कायद्यातही तसेच आहे. १९८६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रॉबर्ट कोवाल्स्की, मारेक सर्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा प्रोलॉग या तर्कभाषेत लिहून दाखवला. कायद्याची कलमे नियम म्हणून लिहिता येतात, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचे स्थान मोठे आहे. त्या कायद्यात टाकून दिलेल्या नवजात अर्भकाविषयी एक तरतूद आहे. ब्रिटनमध्ये असे अर्भक सापडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते ब्रिटनमध्येच आणि तेथील नागरिकाच्या किंवा स्थायिक रहिवाशाच्या पोटी जन्मले असे मानावे. त्या बाळाजवळ एकही कागद नाही. तरी कायद्याने ‘नोंद नाही’ याचा अर्थ बाळाच्या बाजूने लावला.

आता अर्जाकडे परत येऊ. एखादा दाखला जोडलेला नाही, एखादी नोंद जुळत नाही, एखादे नाव आधारपत्रावर एका तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिले आहे. अशा वेळी व्यवस्थेने ‘अपात्र’ म्हणायचे की ‘माहिती अपुरी, पूर्ण करा’ म्हणायचे? पहिल्या उत्तराने दार बंद होते. दुसऱ्याने मुदत मिळते. तर्काच्या दृष्टीने दोन्ही लिहिता येतात. यंत्राला त्यासाठी सारखेच कष्ट पडतात. मुलीला मात्र सारखे पडत नाहीत. एकाने वर्ष वाया जाते, दुसऱ्याने आठवडा.

कायद्याच्या नियमांसाठी आणखी काही खुणा

रूल-एमएलनंतर या दिशेने आणखी काम झाले. नियम आणि संज्ञांचे वर्गीकरण एकत्र आणणाऱ्या एसडब्ल्यूआरएल या भाषेचा प्रस्ताव २००४ साली आला. निरनिराळ्या नियमभाषांत देवाणघेवाण व्हावी म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१० साली आरआयएफ ही शिफारस प्रसिद्ध केली. खास कायद्यांसाठीची लीगल-रूल-एमएल ही भाषा २०२१ साली ओएसिस या संस्थेचे प्रमाण ठरली.

तिच्यातील चार सोयी आपल्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली : प्रत्येक नियमाला तो ज्या कलमातून आला त्या मूळ पाठाशी बांधता येते. दुसरी : नियम कोणत्या दिवशी अमलात आला आणि कधी संपला, हे नियमासोबतच लिहिता येते, म्हणजे १९८९ चा अर्ज आणि १९९१ चा अर्ज एकाच मापाने मोजला जात नाही. तिसरी : सामान्य नियमावर अपवादाचा नियम कोठे मात करतो, ते स्पष्ट नोंदवता येते. चौथी : एकाच कलमाचे दोन अर्थ लावले जात असतील, तर दोन्ही शेजारी ठेवता येतात. बंधन, परवानगी, मनाई आणि हक्क यांसाठीही वेगवेगळे घटक आहेत. ‘मिळू शकेल’ आणि ‘मिळालेच पाहिजे’ यांतील अंतर ज्यांनी कार्यालयांच्या पायऱ्यांवर मोजले आहे, त्यांना या शेवटच्या सोयीचे महत्त्व सांगायला नको.

आपल्याकडील शासकीय संकेतस्थळे याच भाषांत चालतात असा आमचा दावा नाही. नियम कोणत्याही आज्ञावलीत लिहिता येतात आणि पुष्कळदा ते अशा खोलवर दडलेले असतात की लिहिणाराही पुढे विसरतो. म्हणूनच या भाषांची शिस्त शिकण्यासारखी आहे. ती संगणकावर बसण्यापूर्वी मनात बसवता येते.

आपण काय करू शकतो

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी कोणताही यांत्रिक नकार समोर आला की तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. नियम कोणता लावला? तो कोणत्या कलमातून किंवा कोणत्या शासन निर्णयातून आला आणि कधीपासून लागू आहे? तथ्य कोणते धरले? ते कोणत्या कागदावरून घेतले? आणि नकार कोणत्या जातीचा आहे : अट पूर्ण होत नाही असे दिसले, की अट पूर्ण झाल्याचे दिसले नाही? उत्तर लेखी मागावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे असेल तर अपील करावे, दुसऱ्याचे चुकीचे असेल तर दुरुस्ती मागावी आणि तिसऱ्याचे उत्तर ‘दिसले नाही’ असे असेल तर कागद शोधण्यासाठी मुदत मागावी. तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. एकीवरचे काम दुसरीवर नेले की महिने जातात.

आपले जे माजी विद्यार्थी हिंजवडीत किंवा अन्यत्र आज्ञावल्या लिहितात, त्यांच्याकडून आमची अपेक्षा थोडी अधिक आहे. एखाद्या संध्याकाळी तुम्ही एक ओळ लिहाल : माहिती सापडली नाही तर अमुक उत्तर द्या. ती ओळ लिहिताना समोर पडद्याऐवजी वसतिगृहातील ती मुलगी आहे असे समजा, जिची आई कचरा वेचते किंवा वडील ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत आणि जिच्या घरातील सर्व कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत मावतात. इमर्जन्सी स्टॉपची तार जोडणाऱ्याने ज्या बाजूला चूक पडू दिली, त्याच बाजूला तुमची चूक पडू द्या : माणूस वाचेल त्या बाजूला.

तथागतांनी कालामांना सांगितले की, केवळ ऐकिवात आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. पडद्यावर उमटले आहे, हेही त्या यादीत आज धरायला हवे. पारखण्यासाठी नियम दिसला पाहिजे, तथ्य दिसले पाहिजे आणि ‘नाही’ कोणते आहे ते कळले पाहिजे. आपल्या विद्यालयाच्या वर्गांत तर्काचा पाठ शिकवताना धूर आणि अग्नीसोबत हा दुसरा पाठही शिकवला जावा, असे आम्हांला वाटते. जेथे उजेड नाही, तेथे घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणू नये. आधी दिवा आणावा.